फर्माईशीचे पोस्टकार्ड

संगीताचा इतिहास लिहिणारे बहुधा गाणाऱ्यांचा इतिहास लिहितात. घराणी, गुरुपरंपरा, वाद्ये, बंदिशी, राजाश्रय यांची नोंद होते. ऐकणाऱ्याची नोंद सहसा होत नाही, कारण ऐकणारा मागे काही ठेवून जात नाही. मैफल संपली की तो उठतो, घरी जातो आणि आपल्याला काय आवडले ते फार तर शेजाऱ्याला सांगतो. शेजारी ऐकतो, मान डोलावतो, आणि ती गोष्ट तिथेच संपते.

आपल्या देशात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र या नियमाला एक मोठा अपवाद घडला. लक्षावधी सामान्य माणसांनी, ज्यांपैकी बहुतेकांनी वर्तमानपत्राला कधी एक ओळही लिहिली नव्हती, आपण सध्या कोणते गाणे ऐकतो व कोणते पुन्हा ऐकू इच्छितो हे स्वतःच्या नावानिशी लिहून कळविले. त्यासाठी त्यांनी वापरलेले साधन अगदी साधे होते. ते म्हणजे टपाल खात्याचे पोस्टकार्ड. या कार्डाची कहाणी वरवर पाहता करमणुकीची वाटते. खोलात गेल्यास तिच्यात एक गंभीर प्रश्न दडलेला दिसतो. सामान्य माणसाच्या आवडीला काही प्रतिष्ठा आहे की नाही, हा तो प्रश्न होय.

प्रथम त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा आकाशवाणीची अवघी ६ केंद्रे आपल्या वाट्यास आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली व लखनौ. प्रक्षेपक १८ होते. त्यांचा आवाज देशाच्या जेमतेम अडीच टक्के भूभागावर व सुमारे ११ टक्के लोकांपर्यंत पोहोचत असे. रेडिओ ही चैनीची वस्तू होती. तो बाळगण्यासाठी परवाना लागे आणि परवान्याचे वार्षिक शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. म्हणजे गाणे ऐकण्याचा अधिकार टपाल कचेरीतून मिळत असे, आणि पुढे आवड कळविण्याचे साधनही त्याच खिडकीतून मिळू लागले. ज्या गावात एखाद-दुसराच रेडिओ असे, तेथे तो घरापुरता राहत नसे. हॉटेलवाल्याचा रेडिओ साऱ्या नाक्याचा होई, सावकाराचा रेडिओ साऱ्या आळीचा होई. ऐकणे ही एकट्याने करावयाची गोष्ट अद्याप झाली नव्हती.

अशा वेळी, १९५२ साली, डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. केसकर मराठी गृहस्थ. पॅरिसमध्ये उच्च शिक्षण घेतलेले, आणि अभिजात संगीताचे केवळ चाहतेच नव्हेत तर जाणकार. हिंदी चित्रपटगीते उथळ होत चालली आहेत, पाश्चात्त्य चालींची उसनवारी करीत आहेत, आणि त्यामुळे राष्ट्राची अभिरुची बिघडत आहे, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांच्या वेळेला मोठी कात्री लावली. जी थोडी गाणी उरली त्यांबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे बंद झाले, कारण नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात असे खात्याने ठरविले. यावर चित्रपट निर्मात्यांनी गाणी वाजविण्याची परवानगीच काढून घेतली. परिणामी हिंदी चित्रपटगीत सरकारी रेडिओवरून जवळजवळ नाहीसे झाले.

केसकरांची थट्टा करणे आज सोपे आहे, परंतु ते न्याय्य होणार नाही. संस्थाने विलीन झाली होती आणि दरबारांतील गवयांचा व बीनकारांचा आश्रय एका फटक्यात नष्ट झाला होता. त्या कलावंतांना आकाशवाणीने नोकऱ्या दिल्या. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, रेडिओ संगीत संमेलन १९५४ साली सुरू झाले. ज्या वाणी-दुकानदाराने पंडितांचे गाणे जन्मात ऐकले नसते, त्याला ते घरबसल्या ऐकावयास मिळू लागले. चित्रपटगीताला पर्याय म्हणून आकाशवाणीने सुगम संगीताला उत्तेजन दिले, त्याचा लाभ मराठीलाही झाला. पुणे केंद्रावरून एप्रिल १९५५ ते एप्रिल १९५६ या वर्षात आठवड्याला एक याप्रमाणे सादर झालेले 'गीतरामायण' हे त्याच वातावरणाचे फळ आहे. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते आणि सुधीर फडक्यांच्या चाली घरोघरी पोहोचल्या, त्या आकाशवाणीवरूनच. तेव्हा केसकरांनी दिलेले वाईट होते, असे कोणी म्हणू नये.

त्यांची चूक वेगळ्या ठिकाणी होती. श्रोत्याला काय ऐकवावयाचे याचा त्यांनी पुष्कळ विचार केला. श्रोता काय ऐकू इच्छितो हे त्याला विचारावे, असे मात्र त्यांना वाटले नाही. श्रोता हा विद्यार्थी आहे, त्याला घडवावयाचे आहे, ही त्यामागील धारणा होती. शिक्षकाची भूमिका उदात्त असते. पण विद्यार्थ्याने वर्गाबाहेर पडण्याचे ठरविले, तर शिक्षकाजवळ उपाय उरत नाही. आणि या वर्गाचे दार एका समुद्रापलीकडे उघडत होते.

ते दार म्हणजे रेडिओ सिलोन. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचा कारभार लॉर्ड माउंटबॅटन सिलोनमधून पाहत. सैनिकांच्या करमणुकीसाठी व बातम्यांसाठी तेथे एक शक्तिमान शॉर्टवेव्ह प्रक्षेपक उभारण्यात आला. युद्ध संपले, फौजा परतल्या, प्रक्षेपक मात्र तेथेच राहिला. सिलोन स्वतंत्र झाल्यानंतर तेथील सरकारने १९५० साली या यंत्रणेवरून जाहिरातींची व्यापारी सेवा सुरू केली. क्लिफर्ड डॉड नावाचे एक ऑस्ट्रेलियन अधिकारी तिची घडी बसविण्यास आले होते. आकाशवाणी त्या काळी जाहिराती घेत नसे. सिलोन घेत असे. आकाशवाणीने चित्रपटगीत दाराबाहेर काढले आणि सिलोनने त्याला हात धरून घरात घेतले. शॉर्टवेव्हच्या लहरी दूरवर पोहोचत असल्याने कोलंबोहून निघालेले गाणे काश्मीरपर्यंत ऐकू येई. कधी खरखर होई, कधी आवाज समुद्राच्या लाटेसारखा वरखाली होई, पण ऐकू येई. त्या दिवसांत एक विनोद सर्वत्र सांगितला जात असे : दहा घरांपैकी नऊ घरांत सिलोन लागलेले असते आणि दहाव्या घरातला रेडिओ बिघडलेला असतो.

हे कार्यक्रम प्रक्षेपित होत कोलंबोहून, पण त्यांतील पुष्कळसे तयार होत मुंबईत. जाहिरातदारांच्या वतीने कार्यक्रम करणारी मंडळी येथे ध्वनिमुद्रण करीत आणि त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जात. आमच्या वाचकांस कौतुक वाटेल अशी बाब म्हणजे हे ध्वनिमुद्रण धोबीतलावच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या तंत्रशिक्षण संस्थेच्या इमारतीत होत असे. याच कॉलेजात शिकणारा एक तरुण तेथे ये-जा करू लागला. त्याचे नाव अमीन सयानी. त्याच्या आई कुलसुम सयानी यांनी गांधीजींच्या प्रेरणेने नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे पाक्षिक चालविले होते. ते नागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत निघे, भाषा मात्र एकच असे : बाजारातल्या माणसाला कळणारी सोपी हिंदुस्तानी. आईच्या या कामात मुलाचा हातभार असे. पुढे कोट्यवधी लोकांशी बोलावयाची भाषा त्याला तेथेच गवसली.

३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. आरंभी ती अर्ध्या तासाची, सात गाण्यांची आणि शंभर रुपये बक्षिसाच्या स्पर्धेची होती. गाणी वाजवावयाची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून कळवावयाचा, असे तिचे स्वरूप होते. अनुभवी निवेदकांना एवढ्या खटाटोपाची हौस नव्हती. म्हणून हे काम आठवड्याला २५ रुपये मानधनावर या वीस वर्षांच्या मुलाकडे आले. पत्रे तपासणे हाही कामाचाच भाग होता. अमीन सयानी पुढे सांगत असत की, पहिल्याच कार्यक्रमाला ९ हजार पत्रे आली आणि वर्षभरात हा आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला. त्या वेळच्या जनगणनेप्रमाणे देशात साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ उलगडतो.

एवढी पत्रे तपासणे माणसांच्या आवाक्याबाहेर गेले, तेव्हा १९५४ च्या अखेरीस स्पर्धा बंद करून कार्यक्रमाला लोकप्रियतेच्या क्रमवारीचे रूप देण्यात आले. येथे एक नवी अडचण उपस्थित झाली. लोकांना कोणते गाणे आवडते हे ठरवावयाचे कसे? केवळ पत्रे मोजावीत, तर एखादा निर्माता किंवा संगीतकार आपल्या माणसांकरवी पोतेभर पत्रे पाठवू शकतो. ध्वनिमुद्रिकांचा खप पाहावा, तर दुकानातील तबकड्या संपल्या की गाणे लोकप्रिय असूनही खाली घसरते. शिवाय स्वतःच्याच तबकड्या घाऊक विकत घेणारेही निघतात. यावर उपाय म्हणून दुकानांच्या आकड्यांना श्रोता संघांच्या याद्यांची जोड देण्यात आली. ठिकठिकाणचे रेडिओप्रेमी एकत्र येत, आठवडाभर आपण काय ऐकले व त्यांत काय सरस वाटले याची चर्चा करीत, आणि यादी मुंबईला धाडीत.

या श्रोता संघांकडे सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. ज्या काळात आपले मत गुप्तपणे पेटीत टाकावयाचे हे सामान्य माणूस नुकताच शिकत होता (पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मधील), त्याच काळात तो गाण्याच्या बाबतीत आपले मत उघडपणे मांडावयास, दुसऱ्याचे ऐकून घ्यावयास आणि बहुमताने यादी करावयास शिकत होता. विषय क्षुल्लक होता. सवय क्षुल्लक नव्हती.

क्रमवारीच्या कार्यक्रमापेक्षाही श्रोत्याच्या अधिक जिव्हाळ्याचा होता तो फर्माईशीचा कार्यक्रम. सिलोनवर सकाळी प्रथम जुन्या चित्रपटांचे संगीत लागे आणि त्याचा शेवट, आठाला काही मिनिटे असताना, कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने होई. सैगल जानेवारी १९४७ मध्ये निवर्तले होते. तरीही त्यांच्या आवाजावर लोक घड्याळ लावीत. त्यानंतर 'आप ही के गीत' सुरू होई. त्यात गाण्याआधी ते मागविणाऱ्यांची नावे वाचली जात. गावाचे नाव, मग त्या गावातील माणसांची नावे, मग पुढचे गाव. कधीकधी नावांची यादी एवढी लांबे की ऐकणाऱ्याला वाटावे, गाणे हे निमित्त आहे, खरा कार्यक्रम नावांचाच आहे.

या नावांमुळेच एका अपरिचित गावाला अखिल भारतीय कीर्ती लाभली. ते गाव म्हणजे झुमरी तलैया. पूर्वी ते बिहारच्या हजारीबाग जिल्ह्यात होते. आज ते झारखंडच्या कोडरमा जिल्ह्यात आहे. तेथून येणाऱ्या फर्माईशींची संख्या इतकी होती की असे गाव प्रत्यक्षात नसून रेडिओवाल्यांनीच ते रचले असावे, अशी पुष्कळांची समजूत झाली. वास्तविक ते अभ्रकाच्या खाणींचे गाव होते. अभ्रकाच्या व्यापारातून तेथे पैसा आला होता, आणि संध्याकाळी करमणुकीची साधने फारशी नव्हती. एकाने कार्ड पाठविले, त्याचे नाव रेडिओवर आले, म्हणून दुसऱ्याने पाठविले; दुसऱ्याचे दोनदा आले, म्हणून पहिल्याने रोज पाठविण्यास आरंभ केला. आपले नाव छापलेली कार्डेच काहींनी तयार करून घेतली. प्रतिस्पर्ध्याची कार्डे टपालात मागे राहावीत म्हणून काही उत्साही मंडळींनी खटपटी केल्याच्या कथाही तेथे सांगितल्या जातात. पुढे छत्तीसगडमधील भाटापारा, राजनांदगाव अशा गावांनीही या चढाओढीत उडी घेतली.

झुमरी तलैयाच्या बाबतीत एक योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. अभ्रकातून वीज वाहत नाही आणि ते उष्णतेला दाद देत नाही. म्हणून जुन्या रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हमधील भाग एकमेकांपासून अलग ठेवण्यासाठी आणि कपॅसिटरमध्ये अभ्रकाचे पातळ पापुद्रे वापरीत. कोडरमा परिसरातील अभ्रक जगभर जात असे. म्हणजे ज्या खाणीच्या गावाने रेडिओच्या पोटातील एक भाग जगाला पुरविला, त्याच गावाने रेडिओला आपले नाव उच्चारावयास लावले. पुढे व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली. रेडिओ स्वस्त झाला, हलका झाला, शेतावर व गोठ्यात गेला; आणि अभ्रकाची मागणी मात्र ओसरत गेली. ज्या बदलाने साऱ्या देशातील गरिबाला श्रोता केले, त्याच बदलाने या श्रोत्यांच्या गावाची भरभराट कमी होण्यास हातभार लावला. इतिहासाचे हिशेब असे विचित्र असतात.

आता प्रश्न असा की, माणसे आपले नाव एवढ्या अगत्याने का पाठवीत? गाणे तर त्यांच्याशिवायही लागले असते. दुसऱ्या कोणी मागितले असते तरी कानांना तेवढाच आनंद मिळाला असता. याला केवळ प्रसिद्धीची हाव म्हणून वाटेला लावणे अन्यायाचे होईल. फर्माईशीच्या कार्डावर क्वचितच एक नाव असे. लिहिणारा स्वतःबरोबर भावंडांची, मित्रांची, शेजारच्या काकूंची, दुकानातल्या पोऱ्याची नावे घालीत असे. त्यांतल्या कित्येकांना लिहिता येत नसे. ज्याला येत असे तो सर्वांच्या वतीने लिही. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती नावे एका कार्डावर शेजारी शेजारी बसत, कारण ती माणसे संध्याकाळी एका ओट्यावर शेजारी शेजारी बसत. ज्याचे नाव शाळेच्या पटाबाहेर, रेशनकार्डाबाहेर व मतदारयादीबाहेर कोठेही उच्चारले गेले नव्हते, त्याचे नाव एक सभ्य, मधुर आवाज दूर देशातून घेत होता, तेही त्याने काही पराक्रम केला म्हणून नव्हे, त्याला एक गाणे आवडले म्हणून. "बहनो और भाइयो" अशी सुरुवात करणाऱ्या, बहिणींना आधी मान देणाऱ्या निवेदकाने याच भावनेला हात घातला होता. प्रत्येक श्रोत्याला वाटे, हा माणूस माझ्याशी बोलतो आहे.

तथापि या कार्डाची एक उणीवही सांगितली पाहिजे, आणि ती आपल्या समाजाशी निगडित आहे. कार्डावर चित्रपटाचे नाव असे, गायकाचे असे, संगीतकाराचे असे. पण त्या गाण्याला जो भरदार वाद्यमेळ असे, तो ज्यांनी रचला व वाजविला त्यांचे नाव नसे, कारण ते श्रोत्याला ठाऊकच नव्हते. हे वादक व संयोजक मोठ्या संख्येने गोव्याचे ख्रिस्ती होते. गोव्यात चर्चच्या आश्रयाने चालणाऱ्या शाळांतून मुलांना सोल्फेज, स्वरलेखन व व्हायोलिन शिकविले जाई. ती विद्या घेऊन हे तरुण पोटासाठी मुंबईस आले. संगीतकार चाल सांगे, आणि ती कागदावर उतरवून पन्नास वाद्यांत वाटून देण्याचे काम हे लोक करीत. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संयोजन दीर्घकाळ सबेस्टियन डिसोझा यांनी केले. 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात सी. रामचंद्र यांच्या साथीस चिक चॉकलेट या टोपणनावाने ओळखले जाणारे गोमंतकीय ट्रम्पेटवादक होते. ज्या गाण्यांसाठी हजारो कार्डे येत, त्यांच्या यशात या मंडळींचा वाटा मोठा होता.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा ध्यास घेतलेल्या या व्हायोलिनवादकाने १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्याच चौकात आपला मोठा वाद्यवृंद सादर केला. लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले. कॉलेजच्या एकाच आवारात श्रोत्यांच्या आवडीचे कार्यक्रमही ध्वनिमुद्रित होत होते आणि त्या आवडीमागचा अनामिक कारागीरही आपली कला मांडत होता. पुढे त्यांचे शिष्य, संगीतकार प्यारेलाल, यांनी गुरूचे नाव 'अमर अकबर अँथनी' (१९७७) या चित्रपटातील पात्रास व गाण्यास मिळवून दिले. ते नाव साऱ्या देशाच्या ओठांवर आले. गाणे मागविणाऱ्या बहुतेकांना मात्र त्या नावाचा एक खरा माणूस आहे याची कल्पना नव्हती. २०१२ साली ते गोव्यात निवर्तले. श्रोत्याचे नाव घेणाऱ्या युगाने वादकाचे नाव घेतले नाही, ही नोंद इतिहासाने करून ठेवावयास हवी.

केसकरांच्या धोरणाचे पुढे काय झाले? श्रोते परत आले नाहीत, तेव्हा आकाशवाणीलाच श्रोत्यांकडे जावे लागले. ऑक्टोबर १९५७ मध्ये 'विविध भारती' सुरू झाली. तिची धुरा कवी पं. नरेंद्र शर्मा यांच्याकडे होती. ज्यांच्या कारकिर्दीत चित्रपटगीत हद्दपार झाले त्याच केसकरांच्या कारकिर्दीत ते सन्मानाने परतले, आणि परतले ते फर्माईशीला बरोबर घेऊन. सैनिकांसाठी 'जयमाला' सुरू झाली. सीमेवरचा जवान आणि झुमरी तलैयाचा दुकानदार यांची नावे एकाच नभोवाणीवरून ऐकू येऊ लागली. मुंबई केंद्रावरील 'आपली आवड' या कार्यक्रमाने मराठी गाण्यांना तोच मान दिला. भावगीत, नाट्यगीत, लोकगीत मागविणारी मराठी नावे घराघरांत ऐकू येऊ लागली. नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर जाहिरातीही सुरू झाल्या. जे सिलोनने केले ते सारे पंधरा वर्षांत आकाशवाणीने केले. एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे की, लोकांना फर्माईशीचा हक्क मिळाल्याने 'गीतरामायणा'ची लोकप्रियता घटली नाही, की पंडितांच्या मैफली ओस पडल्या नाहीत. ज्याला दोन्ही आवडत होते त्याने दोन्ही मागितले. लोकांच्या रुचीविषयी जी भीती बाळगली गेली होती, ती लोकांनी खरी ठरविली नाही.

'गीतमाला' सिलोनवर १९८८ पर्यंत चालली, १९८९ पासून विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत नियमित राहिली. तोवर दूरदर्शन घरोघर पोहोचले होते आणि कॅसेटने गाणे ज्याच्या त्याच्या हातात दिले होते. हवे ते गाणे हवे तेव्हा लावता येऊ लागल्यावर ते कोणाकडे मागण्याचे कारण उरले नाही. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत निवर्तले. त्यांना आदरांजली वाहणाऱ्यांत ज्यांनी आयुष्यात कधीतरी एक कार्ड टाकले होते, असे वृद्ध श्रोते पुष्कळ होते.

आज गाणे ऐकण्यासाठी परवाना लागत नाही, कार्ड लागत नाही, बुधवारची वाट पाहावी लागत नाही. मोबाइलवर जगातील सारे संगीत हजर आहे. आपण काय ऐकतो याची नोंद यंत्र आपोआप ठेवते आणि वर्षाच्या शेवटी आपलीच यादी आपल्या हाती देते. तरुण मंडळी ती आवडीने एकमेकांना दाखवितात. यात वाईट काही नाही. मुळात ती तीच जुनी ऊर्मी आहे : मला हे आवडले, तूही ऐक. परंतु एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. यंत्र जे मोजते ते आपण किती वेळा ऐकले एवढेच. कार्डावर जे लिहिले जाई ते श्रोत्याने विचारपूर्वक निवडलेले, सही करून सांगितलेले आणि सोबतीला चार जणांना घेऊन सांगितलेले असे. कानात गुंड्या घालून बसलेल्या तरुणाची यादी खरी असते, पण ती एकट्याची असते. शेजारच्या काकूंचे नाव तीत येत नाही.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने वाचकांस एक विनंती करावीशी वाटते. आपल्या घरात, माळ्यावर, जुन्या पेटाऱ्यात श्रोता संघाची एखादी वही, गीतमालेच्या क्रमवारीची हाताने लिहिलेली यादी, निवेदकाचे आलेले उत्तर, छापील फर्माईशीचे कार्ड, रेडिओच्या परवान्याचे पुस्तक असे काही सापडले, तर ते रद्दीत घालू नये. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्यावरील नावे कोणाची, ती माणसे कोठे बसून ऐकत, कार्ड कोण लिही, हे शेजारी टिपून ठेवावे. आपल्यातील कोणाचे वडील वा आजोबा चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवीत असतील, तर त्यांनी कोणत्या गाण्यांत वाजविले तेही लिहून ठेवावे, म्हणजे कार्डाची ती जुनी उणीव थोडीतरी भरून निघेल. गाणाऱ्यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. ऐकणाऱ्यांचा इतिहास ज्याचा त्यानेच लिहावयाचा आहे.